वगळलेला परिच्छेद

ओवीची स्कूटर त्या सकाळी सुरू झाली नाही.

आधी तिला वाटलं, रात्री चार्जिंगला लावायची राहिली असेल. पण पडद्यावर बॅटरी भरलेली दिसत होती. तिनं हँडलवरचे हात काढले, ओढणीला पुसले, पुन्हा ठेवले. पडद्यावर अक्षरं उमटली : ‘आपली मूठ स्थगित करण्यात आली आहे. वाहन चालवू नये. जिल्हा जोखीम कक्षाशी संपर्क साधावा.’

ओवी जनावरांची डॉक्टर होती. चोवीस वर्षांची, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. कोल्हापूरच्या पश्चिमेला, गगनबावड्याच्या रस्त्यावरची अकरा गावं तिच्याकडे होती. त्यातल्याच एका गावाहून सकाळपासून तिसऱ्यांदा फोन येत होता.

“डॉक्टरीणबाई, निघालासा न्हवं? वासराचं पाय तेवढं भाईर आल्यात. गाय आता उठंना झालीया.”

“निघाले. दहा मिनिटं,” ती म्हणाली आणि शेजारच्या काकूंची गाडी मागून आणली. त्या गाडीच्या हँडलला तिनं हात लावला, आणि त्याही पडद्यावर तीच अक्षरं आली. काकूंनी ती वाचली. किल्ली परत घेताना त्यांनी मुलाला घरात जायला सांगितलं.

शेवटी गावातलाच एक जण मोटरसायकलवर तिला न्यायला आला. ती गोठ्यात पोचली तेव्हा दीड तास उलटला होता. गाय वाचली. वासरू गेलं.

*

ओवीला तिच्या मावशीनं वाढवलं होतं. मावशी म्हणजे अ‍ॅडव्होकेट वृषाली चौगुले. हे नाव राज्यातल्या कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक होतं, आणि त्याचं कारण ओवीची आई, दीपाली होती.

एकोणीस वर्षांपूर्वी दीपालीला तिच्या नवऱ्यानं, विश्वजित नलवडेनं, घरात गोळी घातली. त्याचा खडी क्रशरचा धंदा होता आणि स्वसंरक्षणासाठी म्हणून रिव्हॉल्व्हरचा रीतसर परवाना होता. भांडण नऊ मिनिटांचं. आधी तो कधी कुणाच्या अंगावर धावून गेल्याची तक्रार नव्हती. न्यायालयात तो सारखं एकच सांगत राहिला, की त्या वेळी हातात ते नसतं तर मी थोबाडीत मारून बाहेर निघून गेलो असतो. वृषालीला ते ऐकवत नव्हतं. पण त्यात खोटं काही नाही, हेही तिला कळत होतं. पाच वर्षांची ओवी तिच्या मांडीवर झोपायची आणि ती जागी राहून त्या नऊ मिनिटांचा विचार करायची.

त्या काळात तिला मिरजेचे डॉक्टर सलीम मुजावर भेटले. ते कंपवाताच्या रुग्णांवर काम करत होते.

माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. निरोगी माणसाचाही स्नायू सेकंदाला आठ ते बारा वेळा थरथरतो, डोळ्याला न दिसेल इतका. मुजावरांनी ही थरथर टिपायला नखाहून पातळ असा एक पापुद्रा बनवला होता. रुग्णांच्या काठीच्या मुठीवर तो चिकटवायचा. नोंदी पाहताना त्यांना वेगळंच काही दिसलं. रुग्ण चिडून कुणावर हात उगारायचा, त्याच्या सात-आठ मिनिटं आधीच हात बदललेला असायचा. शरीर झडपेची तयारी करताना बोटांतलं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळवतं, त्यामुळे बोटांची टोकं अर्ध्या अंशानं थंड होतात. तळव्याला सूक्ष्म घाम येतो. थरथरीची लय बदलते, पकड आवळत जाते. आणि हे सगळं त्या माणसाच्या स्वतःच्या लक्षात यायच्या आधी.

“म्हणजे आपण काय करणार आहोत, हे हाताला आधी कळतं?” वृषालीनं विचारलं होतं.

“काय करायच्या तयारीत आहोत, ते कळतं,” मुजावर म्हणाले होते.

तोच पापुद्रा बंदुकीच्या मुठीत बसवता येत होता. महिनाभरात तो धन्याचा हात शिकायचा. मग त्या हाताची नोंद ठरलेल्या रेषेच्या वर गेली की घोड्यामागची एक खीळ दहा मिनिटं अडकून बसायची. लोक त्याला मूठवाचक म्हणू लागले.

राज्य सरकारनं परवान्याच्या प्रत्येक शस्त्राला मूठवाचक सक्तीचा करावा, अशी याचिका वृषालीनं उच्च न्यायालयात केली. विरोधात परवानाधारकांची संघटना उभी राहिली. संघटनेचे अध्यक्ष सुभेदार निकम निवृत्त फौजी होते. त्यांचं म्हणणं होतं की हा राज्यघटनेनं दिलेल्या स्वातंत्र्यावर घाला आहे. कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, आणि इथं तर माणसाचा हातच त्याच्याविरुद्ध साक्ष देणार.

न्यायालयानं वृषालीच्या बाजूनं निकाल दिला. शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही, ती राज्यानं दिलेली सवलत आहे, आणि सवलत घेणाऱ्यानं अट स्वीकारली पाहिजे. हाताची नोंद ही साक्ष नव्हे, बोटांच्या ठशासारखं ते एक मोजमाप आहे. आणि परिच्छेद सत्त्याऐंशीमध्ये वृषालीच्या लेखी युक्तिवादातलं वाक्य जसंच्या तसं घेतलं गेलं : ‘धोका शस्त्रात नसतो, ते धरणाऱ्या हातात असतो, म्हणून तो हात वाचणे हे राज्याचे कर्तव्य ठरते.’

पाच वर्षांत परवान्याच्या बंदुकीनं होणारे घरगुती खून राज्यात जवळपास थांबले. दर वर्षी दीपालीच्या स्मृतिदिनी वृषालीला अनोळखी बायकांची पत्रं यायची. ती सगळी तिनं जपून ठेवली होती.

मग आणखी निकाल आले. परवानाधारकाच्या घरातली माणसंही शस्त्र उचलू शकतात, म्हणून त्यांचेही हात वाचावेत. पुढे एका चालकानं रागाच्या भरात बस गर्दीत घातली. तेव्हा वाहन हेही शस्त्रच, म्हणून हँडल आणि स्टिअरिंग वाचावं, असं ठरलं. त्यानंतर मोबाइल. तो तर प्रत्येकाच्या हातात असतोच, आणि काचेखाली पापुद्रा घालायला खर्च नगण्य. सगळ्या नोंदी आता जिल्ह्याच्या जोखीम कक्षात जमा होऊ लागल्या, आणि खिळीऐवजी माणसावरच आदेश निघू लागले. प्रत्येक निकालात परिच्छेद सत्त्याऐंशीचा आधार होता. मोबाइलच्या निकालानंतर वृषालीनं वर्तमानपत्रासाठी एक लेख लिहायला घेतला होता. तो तिनं अर्ध्यावर सोडला.

*

जिल्हा जोखीम कक्षातल्या अधिकारी कुरणे मॅडम अगदी मृदू बोलणाऱ्या होत्या. त्यांनी ओवी आणि वृषाली दोघींना बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि पडदा ओवीकडे वळवला.

“अकरा दिवसांत चौदा नोंदी रेषेच्या वर गेल्यात. चौदाही वेळा तुमच्या मोबाइलवर एकच कागद उघडा होता. विश्वजित नलवडे यांच्या सुटकेचं पत्र.”

ते पत्र ओवीला कारागृहाकडून आलं होतं. चांगल्या वर्तणुकीमुळे उरलेली शिक्षा माफ झाली आहे आणि पुढच्या महिन्यात सुटका आहे, असं त्यात लिहिलं होतं. सोबत फोटो होता. पांढऱ्या केसांचा, ओळखू न येणारा माणूस.

“मी काही केलेलं नाही,” ओवी म्हणाली.

“नाही ना. म्हणून तर ही शिक्षा नाही. काळजी आहे.”

“तिच्यावर आरोप काय आहे?” वृषालीनं विचारलं.

“आरोप नाही, मॅडम.” कुरणे किंचित हसल्या. “मी तुम्हाला काय सांगायचं? आम्हाला प्रशिक्षणात पहिल्या दिवशी परिच्छेद सत्त्याऐंशीच शिकवतात.”

आदेश दोन पानांचा होता. सहा महिने मनगटावर पट्टा. वाहन नाही. धारदार वस्तू, सुया, शस्त्रक्रियेची उपकरणं हाताळायची नाहीत. जिल्ह्याबाहेर जायचं नाही. तोवर बिनपगारी रजा.

“दुसरा एक मार्ग आहे,” कुरणे म्हणाल्या आणि टेबलावर एक पाकीट ठेवलं. “शमनपट्टी. दंडाला लावायची. शरीरात ती झडपेची तयारी होते ना, ती करणारं रसायन ही पट्टी कमी करते. आठ आठवडे नोंद सपाट राहिली की कामावर जाता येतं. पट्टा मात्र सहा महिने राहतो.”

“आणि पट्टी काढली, नोंद पुन्हा चढली तर?”

“मग दुसरा आदेश निघतो. त्यात निरीक्षणगृह असतं.” त्यांनी पाकीट ओवीच्या बाजूला सरकवलं. “सहसा तशी वेळ येत नाही.”

घरी आल्यावर चप्पल काढता काढता ओवी म्हणाली, “मावशी, नोंदी खोट्या नाहीत.”

“म्हणजे?”

“तो फोटो बघितला की माझ्या मनात येतं, की हा मरावा. माझ्या हातानं मरावा, असंही येतं. आजचं नाही हे. शाळेत असल्यापासून येतं.”

“मग?”

“मग काय? मग मी जनावरं तपासायला जाते.” तिनं हात धुतले आणि पुसत उभी राहिली. “मनात आलेलं माझं होतं ना? ते कुणाला दाखवायचं की नाही, ते माझ्याकडे होतं ना?”

पंधरा वर्षांपूर्वी सुभेदार निकमांच्या वकिलानं जवळपास हेच विचारलं होतं, आणि वृषालीनं उभं राहून ते चार वाक्यांत खोडून काढलं होतं.

*

डॉक्टर मुजावर आता सत्तरी ओलांडलेले होते. मिरजेतल्या घराच्या पुढच्या खोलीत ते अजूनही आठवड्यातून दोन दिवस कंपवाताचे रुग्ण पाहायचे. वृषालीचं ऐकून घेतल्यावर ते आत गेले आणि एक जुनी फाइल घेऊन आले.

“वकीलबाई, तुम्हाला हे आठवत असेलच.”

तिला आठवत होतं. ते मुजावरांच्या शपथपत्राचं मूळ टिपण होतं, त्यांच्या सहीचं, पंधरा वर्षांपूर्वीच्या तारखेचं. त्यातला शेवटचा परिच्छेद न्यायालयात दाखल केलेल्या शपथपत्रात नव्हता.

मुजावरांनी तो मोठ्यानं वाचला. “ ‘हे यंत्र तयारी ओळखते, कृती नव्हे. ज्यांच्या हातांची नोंद रेषेच्या वर गेली अशा शंभरांपैकी सत्त्याण्णव जणांनी कोणतीही कृती केली नाही. त्यांनी स्वतःला आवरले. राग, भीती आणि दुःख यांतला फरक या यंत्राला कळत नाही. म्हणून याचा उपयोग केवळ शस्त्र काही मिनिटे बंद ठेवण्यापुरता करावा. माणसाबद्दल निष्कर्ष काढण्यासाठी करू नये.’ ”

त्यांनी चष्मा काढला. “बंदूक दहा मिनिटं उगीच बंद राहिली तर कुणाचं काय जातं? माणूस उगीच बंद झाला तर, ते मला नको होतं.”

“मीच म्हटलं होतं, हा परिच्छेद वगळू या,” वृषाली म्हणाली. “विरोधी पक्ष शंभरातल्या सत्त्याण्णववरच बोट ठेवेल, यंत्र चुकतंय म्हणेल, असं वाटलं मला.”

“आणि मी सही केली. तुमच्या बहिणीचं सगळं ताजं होतं. नाही म्हणवलं नाही मला.”

खिडकीबाहेर तंतुवाद्यांच्या दुकानात कुणी सतारीची तार चढवून पाहत होतं. एकच सूर पुन्हा पुन्हा वाजत होता.

हा कागद न्यायालयासमोर ठेवला तर काय होईल, ते वृषालीला पुरतं ठाऊक होतं. महत्त्वाची वस्तुस्थिती न्यायालयापासून दडवली, हे तिला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागेल. सनद जाईल. ते सोसता आलं असतं. पण वस्तुस्थिती दडवून मिळवलेला निकाल मुळापासून रद्द होऊ शकतो. परिच्छेद सत्त्याऐंशी पडला तर त्याच्या आधारावर काढलेला ओवीचा आदेशही पडेल. त्याबरोबर राज्यातल्या प्रत्येक परवान्याच्या बंदुकीची खीळही निघेल. तिच्या कपाटात जपून ठेवलेल्या पत्रांतल्या बायका अजून त्याच घरांत, त्याच नवऱ्यांबरोबर राहत होत्या.

“तुम्ही काय कराल, डॉक्टर?”

“मी सही केली तेव्हाच चुकलो,” मुजावर म्हणाले. “आता बोलवाल तिथं येऊन तेवढं सांगेन. बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा.”

*

सुनावणीची तारीख मिळायला तेरा आठवडे गेले. तिसऱ्याच आठवड्यात ओवीनं शमनपट्टी लावली. वृषालीनं तिला थांबवायचा प्रयत्न केला.

“मी रोज उठून भिंतीकडे बघत बसते, मावशी. माझ्या गावांना दुसरा डॉक्टर दिलेला नाही अजून. तू लढ. तोवर मला काम करू दे.”

पट्टीनं गुंगी येत नव्हती. ओवी वेळेवर उठायची, नीट जेवायची, बोलायची. आठ आठवड्यांनी ती कामावरही गेली. गावातली माणसं म्हणू लागली, की बाईंचा हात आता लई निवांत झालाय. एकदा वृषाली तिला घ्यायला गेली तेव्हा गोठ्यात एक म्हैस मरून पडली होती. घरातली म्हातारी तिच्या मानेवर डोकं ठेवून रडत होती. ओवीनं घड्याळ पाहून वेळ लिहिली, हातमोजे काढले आणि म्हातारीच्या खांद्यावरून हात लांबवून आपली बॅग उचलली.

गाडीत वृषालीनं विचारलं, “त्या आजींशी बोलली नाहीस काही?”

“काय बोलायचं होतं?” ओवीनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्या संध्याकाळी वृषालीनं आपलं शपथपत्र लिहून काढलं.

सुनावणी तीन न्यायमूर्तींसमोर झाली. सरकारी वकील तिशीतला होता. त्यानं सुरुवातीलाच सांगितलं, की आमच्या पिढीनं कायदा चौगुले मॅडमच्या युक्तिवादातून शिकला, आणि मग तासभर तिचीच पंधरा वर्षांपूर्वीची वाक्यं वाचली. ती इतकी नेटकी होती, की वृषालीला त्यांच्यात कुठं फट सापडेना.

तिची पाळी आली तेव्हा तिनं फक्त मुजावरांचं टिपण पुढे केलं.

“हा कागद तेव्हा माझ्याकडे होता. मी तो न्यायालयापासून दडवला. मुद्दाम दडवला. परिच्छेद सत्त्याऐंशी ज्या पुराव्यावर उभा आहे, त्या पुराव्याचा अर्धा भाग मी कापून टाकला होता. माणसाच्या मनात येणं आणि माणसानं करणं, यांच्यामध्ये एक जागा असते. शंभरातले सत्त्याण्णव जण तिथं थांबतात. घटनेनं ज्या स्वातंत्र्याचं रक्षण केलंय, ते याच जागेचं आहे. ती जागा मोजून सरकारच्या हवाली करायला मी मदत केली. ते मागे घ्यावं, एवढीच विनंती आहे.”

मधल्या न्यायमूर्तींनी कागद दोनदा वाचला. “याचे आपल्यावर काय परिणाम होतील, याची कल्पना आहे?”

“आहे.”

मागच्या बाकावर ओवी बसली होती. वृषालीनं वळून पाहिलं. ओवी शांतपणे भिंतीवरचा पंखा पाहत होती.

*

निकाल तीन आठवड्यांनी लागला. तो वाचायला वीस मिनिटं लागली आणि पहिली दहा मिनिटं वृषालीला वाटत होतं, की आपण जिंकतो आहोत.

वस्तुस्थिती दडवून मिळवलेला मूळ निकाल न्यायालयानं मागे घेतला. परिच्छेद सत्त्याऐंशीसह पूर्ण. शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही, हे न्यायालयानं पुन्हा सांगितलं. पण मूठवाचकाच्या सक्तीचा नियम थेट त्या निकालावर उभा होता, त्यामुळे विधिमंडळ नवा कायदा करेपर्यंत तो लागू राहणार नाही. परवानाधारकांना खीळ काढून घेण्याची मुभा होती.

मग न्यायमूर्तींनी पान उलटलं. वाहनं आणि मोबाइल यांबाबतचे नंतरचे निकाल मात्र अबाधित राहतील. त्यांत परिच्छेद सत्त्याऐंशीचा उल्लेख असला, तरी आता त्यांना मधल्या वर्षांतल्या कोट्यवधी नोंदींचा स्वतंत्र आधार आहे. डॉक्टर मुजावरांचं टिपण जुनं आहे, यंत्र आता पुष्कळ सुधारलं आहे. शिवाय अर्जदार ओवी नलवडे यांच्या नोंदी गेले कित्येक आठवडे सपाट आहेत आणि त्या कामावरही रुजू झाल्या आहेत; म्हणजे योजलेल्या उपायाचा त्यांना लाभच झालेला दिसतो. आदेशात हस्तक्षेपाचं कारण नाही. अ‍ॅडव्होकेट चौगुले यांच्या वर्तनाबाबतचे कागद वकील परिषदेकडे पाठवावेत.

बंदुका सुटल्या. माणसं होती तिथंच राहिली.

बाहेर परवानाधारक संघटनेची माणसं एकमेकांचे हात हातात घेत होती. सुभेदार निकम एका बाजूला बाकावर बसले होते. ऐंशी ओलांडलेले, काठी गुडघ्यांत धरलेली. वृषाली समोरून जाताना ते उठून उभे राहिले.

“बसा, सुभेदार.”

“बाई, सगळे म्हणतायत मी जिंकलो. पण माझी दुनळी बंदूक मी उद्या पोलीस ठाण्यात जमा करणार आहे. या वयात या हाताचा मलाच भरवसा वाटत नाही. पण भरवसा नाही, हे मी ठरवायचं होतं. इतकंच सांगत होतो मी तेव्हा.”

तिला त्यांच्याकडे पाहवलं नाही. ती हात जोडून पुढे गेली.

*

विश्वजित नलवडे ठरल्याप्रमाणे मधेच सुटला होता आणि पुण्याकडे एका नातेवाइकाकडे राहायला गेला होता. आता त्यानं ओवीला एक चिठ्ठी पाठवली. भेटायची परवानगी मागितली होती. ओवीनं ती वाचून वृषालीकडे दिली आणि म्हणाली, “येऊ दे की. मला काही अडचण नाही.” वृषालीनं चिठ्ठीला उत्तर दिलं नाही.

निकालानंतर एकोणिसाव्या दिवशी, रविवारी दुपारी, दोघी जेवायला बसल्या होत्या. वृषालीची सनद दोन वर्षांसाठी स्थगित झाली होती. तिनं भात वाढला. ओवी मोबाइलवर बातम्या पाहत होती.

“शेजारच्या तालुक्यात एक बाई गेली,” ओवी म्हणाली आणि वाचू लागली. “नवऱ्यानं परवान्याच्या पिस्तुलातून गोळी झाडली. वय एकतीस. शेतीच्या वाटणीवरून वाद. सहा दिवसांपूर्वी त्यानं पिस्तुलाची खीळ काढून आणली होती. पाठीमागे एक मुलगी आहे, चार वर्षांची. ती घटनेच्या वेळी घरातच होती.” तिनं ताट पुढे ओढलं. “आमटी अजून आहे का?”

वृषालीच्या हातातला डाव पातेल्यात पडला. ती तिथंच ओट्याला टेकून खाली बसली आणि तिला रडू फुटलं. ओवी घास हातात धरून तिच्याकडे पाहत राहिली. बराच वेळ तिच्या कपाळावर, गणित सुटत नसल्यासारखी, एक बारीक आठी होती.

“मावशी.”

वृषालीनं वर पाहिलं.

“हे वाचताना मला वाईट वाटायला हवं होतं ना?”

वृषालीनं होकारार्थी मान हलवली.

“चार वर्षांची मुलगी आहे, असं मी वाचलं. घरात होती, असंही वाचलं. मला कळतंय, की हे माझ्यासारखंच आहे. पण आत काही हललंच नाही.” तिनं घास ताटात ठेवला. हात धुवून आली. दंडावरची बाही वर करून तिनं शमनपट्टीचा कोपरा नखानं उचलला आणि एका झटक्यात ती ओढून काढली.

“ओवी, दुसरा आदेश निघेल. निरीक्षणगृह म्हणजे...”

“माहितीये मला.”

“दोन महिनेच उरलेत. थोडी कळ काढ.”

“आणि मग? त्यानंतर मला परत येईल, असं तुला कुणी लिहून दिलंय?”

मग त्या दोघी स्वयंपाकघरातच बसून राहिल्या. पट्टीचा परिणाम उतरायला दोन-अडीच तास लागतात. वृषालीनं भांडी आवरली नाहीत. ओवीनं ती बातमी पुन्हा वाचली, मग पुन्हा. चारच्या सुमाराला तिचा श्वास बदलला. तिनं मोबाइल पालथा ठेवला, दोन्ही हात टेबलाच्या कडेला घट्ट धरले, आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला, जो वृषालीनं एकोणीस वर्षांत ऐकला नव्हता.

मनगटावरच्या पट्ट्याचा दिवा आधी पिवळा झाला, मग लाल.

कक्षाची गाडी शहरात कुठंही पोचायला साधारण चाळीस मिनिटं घेते, हे वृषालीला माहीत होतं. ती उठून दाराकडे गेली नाही. कुणाला फोन केला नाही. तिनं खुर्ची ओवीजवळ ओढली.

“आई फणस कापत होती,” ओवी हुंदक्यांमधून म्हणाली. त्या दिवसाबद्दल ती आजवर कधी एक शब्द बोलली नव्हती. “हाताला तेल लावलं होतं तिनं, चीक लागू नये म्हणून. बाबा ओरडायला लागल्यावर तिनं मला जाळीच्या दारातून बाहेर ढकललं आणि स्वतःही निघत होती. पण बाबांनी दार लावून घेतलं, आणि तिला कडी निघेना. तेलानं हात सटकत होता. मी जाळीपलीकडून बघत होते. मला सांगता आलं असतं, पदरानं धर म्हणून. मी बोललेच नाही.”

“तू पाच वर्षांची होतीस, बाळा.”

“ती मला हसून दाखवत होती, मावशी. कडी निघत नव्हती आणि ती माझ्याकडे बघून हसत होती. मी घाबरू नये म्हणून.”

वृषालीनं तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. ते थंड होते, ओले होते आणि थरथरत होते. खाली रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला, जिन्यावर पावलं वाजली. ओवी बोलत राहिली. आईच्या बांगड्यांचा रंग कोणता होता, ती कोणतं गाणं गुणगुणायची, फणसाचा कुठला गरा ती आधी ओवीला द्यायची, ते सगळं ती सांगत राहिली. दारावर पहिल्यांदा थाप पडली, मग दुसऱ्यांदा, आणि वृषाली तिचे हात धरून ऐकत राहिली.